वस्तीची सोय

"उद्यापासून म्या वर येनार न्हाई, वैनी," पिकअपच्या खिडकीतून सुग्रीव म्हणाला. बोलताना त्यानं केसरकडं बघितलंच नाही. समोरच्या काचेवरची धूळ बघत राहिला.

केसरच्या हातात रिकामी किटली होती. "कावून?"

"चेअरमन म्हनले, वस्तीची सोय हाय."

"कंची सोय?"

सुग्रीवनं हनुवटी उचलून लिंबाकडं खूण केली. लिंबाखाली केसरची जुनी पांढरी व्हॅन उभी होती. मागचं दार सुतळीनं बांधलेलं, टपावर पाण्याचे दोन निळे ड्रम, एका बाजूचा आरसा गायब.

केसरनं किटली खाली आपटली. "ती माझी गाडी हाय," ती म्हणाली. "सोसायटीची न्हाई."

"मला कावून म्हनता, वैनी? म्या डायवर." सुग्रीवनं गिअर टाकला आणि वस्तीच्या आठ घरांचं दूध घेऊन पिकअप घाटाच्या वळणाआड गेली.

बोरदरा हे गाव खाली, धारूरहून केजला जाणाऱ्या रस्त्याला लागून. शाळा, दवाखाना, किराणा, पिठाची गिरणी, एसटीचा थांबा, दुधाची सोसायटी, सगळं एकमेकांच्या हाकेवर. वस्ती मात्र वर, बालाघाटाच्या अंगावर. मधे खडीचा कच्चा चढ, त्यावर एसटी नाही, जीप नाही. आडाचं पाणी आटलं तसा सरकारी टँकर आला, पण तोही खालच्या विहिरीत पाणी ओतून जायचा. वस्तीनं खाली उतरावं आणि न्यावं.

ज्याला सगळं लांब, त्याची गाडी दिवसभर पळत असेल असं कुणालाही वाटेल. होतं नेमकं उलटं. वस्तीवर एकच गाडी, आणि ती कधी एका कामासाठी उतरली नाही. आदल्या संध्याकाळी छबुबाई आवाज द्यायची, "केसर, उद्या उतरायलीस का गं?" केसर हो म्हणाली की घरोघरी निरोप फिरायचा. सकाळी गाडीत दळणाचे डबे, गॅसची टाकी, बँकेत अंगठा लावायला निघालेल्या दोन म्हाताऱ्या, कुणाचं तापलेलं लेकरू, कधी मांडीवर धरलेली शेळी. येताना तेच सगळं, वर पाण्याचे ड्रम. गाडी भरल्याशिवाय केसर चावी फिरवायची नाही. पेट्रोलचा हिशेब तर होताच, पण त्याहून मोठं कारण असं की एकट्यानं गाडी नेणं हे वस्तीवर वाईट दिसायचं. शेजाऱ्याला न विचारता एकट्यानं जेवायला बसल्यासारखं.

खाली गावात अंगणाअंगणात गाड्या होत्या आणि त्या दिवसभर हिंडायच्या. पान खायला गाडी. कटिंगला गाडी. सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव यांच्या दारात तीन होत्या. त्यांचा वाडा नव्हता, नवा स्लॅबचा बंगला होता, आणि सोसायटीच्या फाटकातून त्याच्या गच्चीवरच्या टाकीवरची अक्षरं वाचता यायची. तरी विठ्ठलराव सोसायटीत यायचे ते गाडीनं. गाडीतला एसी सुरू होऊन वारा थंड लागेपर्यंत ते पोचलेलेही असायचे.

केसरची गाडी तिच्या नवऱ्यानं, भारतनं घेतली होती. भारत उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. हंगामात तो साताऱ्याकडं, कोल्हापूरकडं. हंगाम संपला की दुसरा माल. घरी येणं पाहुण्यासारखं. धाकट्या लेकीच्या वेळी केसरला बाजेवर घालून डोंगर उतरवावा लागला, त्यानंतर त्यानं ही गाडी आणली आणि म्हणाला, "म्या नसतो, तूच शिक." शिकायला जागा कुठं? पाझर तलाव कोरडा पडला होता. त्याच्या भेगाळलेल्या पोटात केसर पदर खोचून गोल गोल गाडी फिरवत शिकली. काठावर बसून छबुबाई ओरडायची, "अगं, पानी न्हाई म्हनून बरं, न्हाईतर बुडाली असतीस!" पुढं रीतसर अंबाजोगाईला जाऊन तिनं लायसन काढलं.

मग हे सोय प्रकरण कुठून निघालं? केसरला बरोबर ठाऊक होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग होता. चैत्रात पिकअपचा क्लच गेला. आठवडाभर सुग्रीव वर आला नाही. उन्हाळ्यातलं दूध, धारा काढल्यापासून तीन तास टिकलं तर नशीब. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी शेतात काडी नव्हती, वस्तीत जे काही येत होतं ते म्हशीच्या सडातून. ते नासायला लागलं तेव्हा केसर म्हणाली, आणा कॅन इकडं. आठवडाभर दोन वेळा तिनं सगळ्या वस्तीचं दूध खाली नेलं. पिकअप दुरुस्त झाली, तरी सुग्रीव कधी आला, कधी नाही. नाही आला की केसर होतीच. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. सोसायटीचं काम तिनं आपल्या गाडीनं केलं आणि सोसायटीनं ते बघून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दूध घालून ती थेट विठ्ठलरावांपुढं उभी राहिली. ते खुर्चीत चहा पीत होते. शेजारी सचिव आप्पाराव.

"तात्या, पिकअप कावून बंद केली?"

"या, सूनबाई. बंद कुठं? गावात चालू हाय की." विठ्ठलराव हसले. "दूध निम्म्यावर आलंय. घाट चढून आठ घरांसाठी गाडी पाठवायची म्हंजी सोसायटी बुडवायची. अन् तुमची सोय हाय."

"माझी गाडी बंद पडली मग?"

"मग बघू."

"नवरा गाडी घेऊन गेला मग?"

"सूनबाई, डोंगरावर ऱ्हायाला आमी सांगितलं का तुमाला? गाव रस्त्याला हाय. वस्ती तुमच्या आज्यानं बसवली."

"आज्यानं बसवली कारन जमीन तिथं हाय," केसर म्हणाली. "जमीन उचलून रस्त्याला आनता येत असती तर आनली असती. अन् तात्या, तुमचं घर तर ह्ये समोर हाय. तुमचं दूध उचलायला पिकअप तुमच्या दारात कावून थांबती?"

आप्पारावनं चहाच्या कपात तोंड घातलं. विठ्ठलरावांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून उतरलं. "सोमवारी संचालकांची बैठक हाय. तिथं मांडा."

सोमवारपर्यंत केसर रोज दोनदा घाट उतरली. म्हणजे दोनदा रिकाम्या पोटी उतरली आणि दोनदा उकळत्या इंजिनाला पाणी पाजत चढली, जे पाणी प्यायला नव्हतं. लेकीला आंघोळ घालायची राहिली. एकदा तिची स्वतःची धार उशिरा झाली म्हणून रतनबाईनं तोंड सोडलं, "आमाला उशीर कावून? दूध फाटलं तर तू भरून देनार का?" कालपर्यंत जी माय माय करायची तीच. केसरनं तिला फाडफाड उत्तर दिलं, मग चुलीपुढं बसून स्वतःवरच दात खाल्ले.

संध्याकाळी छबुबाई आली. तिच्या दोन म्हशी, आणि घरात ती एकटी. ती भांडली नाही, ते जास्त लागलं. "तुझा दोस न्हाई, केसर," ती म्हणाली. "पन तुझ्या गाडीनं आमची पिकअप नेली, ह्ये बी खोटं न्हाई. आता तुझ्या गाडीचं काय झालं तर माझ्या म्हशी बाजारात. दुष्काळात म्हशीला गिऱ्हाईक कोन, तुला ठावं हाय. खाटिक."

"गाडीला काय होत न्हाई."

"कालपासून करकरायलीय ती. मला कमी ऐकू येतं, तरी आलं."

केसरनं फोनवर भारतला सांगितलं. तो कुठल्याशा टोलनाक्यावर होता. म्हणाला, "सोडून दे. मोठ्या मानसांशी कोन भांडतं? ज्याचं त्याचं दूध ज्यानं त्यानं न्यावं."

"डोक्यावर?"

"मग काय करनारेस?"

केसरनं फोन ठेवला.

सोमवारी सकाळी तिनं वस्तीतल्या बायांना सांगितलं, दूध आज काट्यावर घालायचं नाही, बैठकीत दाखवायचं. संचालकांना कळू दे, वस्तीचं दूध म्हणजे किती. सहा बाया आणि सकाळच्या दुधाचे कॅन घेऊन व्हॅन घाट उतरली. मागं रतनबाई एवढी वर राहिली, पोरांना हाताशी घेऊन सगळ्यांची जनावरं सांभाळायला आणि वेळ पडली तर संध्याकाळच्या धारा काढायला.

सोसायटीच्या आवारात गाड्यांची रांग लागली होती. पांढऱ्या, मोठ्या, काळ्या काचांच्या. केसरनं त्या ओळखल्या. एकाही संचालकाचं घर शाळेच्या पलीकडं नव्हतं. सुग्रीवची पिकअप बाहेर मारुतीच्या पारापाशी सावलीला लावली होती आणि तो आत पंख्याखाली घोरत होता... नव्हे, घोरल्याचं सोंग करत होता.

बायांना दाराशी बराच वेळ उभं केलं. मग आत बोलावलं, पण कॅन आत आणू दिले नाहीत. केसरनं जे सांगायचं ते नीट सांगितलं: दूध किती, चढ किती, गाडी कुणाची. आवाज चढू दिला नाही. सांगून झाल्यावर विठ्ठलरावांनी संचालकांकडं बघितलं.

"ऐकलंत? गाडी न्हाई म्हनून गाऱ्हानं घालायला आल्यात. कशात बसून आल्यात? गाडीत!"

खोली हसली. आप्पाराव हसला, दाराशी उभा शिपाई हसला. एक संचालक तर मांडीवर थाप मारून हसला. छबुबाई बिचारी, सगळे हसतात म्हणून, अर्धवट हसली आणि मग केसरकडं बघून थांबली.

"अर्ज द्या, विचार करू," विठ्ठलराव म्हणाले. "पावसाळ्यानंतर."

केसर बाहेर आली. व्हॅनमध्ये बसली. आवाराचं फाटक अरुंद. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला सिमेंटचा खांब. तिनं गाडी फाटकात नेली, मागं घेतली, पुढं घेतली, परत मागं, आणि आडवी घातली. पुढचं नाक भिंतीला, मागं खांबापाशी माणूस अंग चोरून जाईल एवढीच फट. हँडब्रेक ओढला, गिअरमध्ये टाकली, चावी काढून कमरेला खोचली.

छबुबाई धावत आली. "अगं केसर, दूध! उनात हाय की!"

"नासू दे."

"माझं बी हाय त्यात!"

"माझं बी हाय, छबुमाय. रोज उतरवून दिलं तर रोज हसनार हायत ही. एक दिवस नासू दे."

छबुबाईनं तिच्याकडं बघितलं, आत आवाराकडं बघितलं. मग त्या फटीपाशी जाऊन खाली बसली. बाकीच्या बाया तिच्यामागं.

पहिल्यांदा आप्पाराव आला. "काढ गं गाडी." मग शिपाई. मग दोन तरुण पोरं गाडी उचलून बाजूला ठेवायला आली, तेव्हा चार बाया आत चढून कॅनवर बसल्या. "उचला की," एक म्हणाली. "उचला. आईचं दूध प्यालात का सोसायटीचं?" पोरं हात झटकत गेली. पारावर माणसं जमायला लागली. कुणी म्हणालं पोलिसांना बोलवा. केसर म्हणाली, "बोलवा. पोलीस येतील तवा ते बी विचारतील, कावून बसल्यात. सांगा त्यांना."

बैठक संपली, ऊन वर आलं. संचालक गाडीत बसले, उतरले, एकमेकांशी कुजबुजले. शेवटी एक जण धोतर सावरत फटीतून निघाला. पायाशी बसलेल्या बायांनी थोडीशी जागा दिली, जास्त नाही. तो निघाला, आणि चार पावलांवरच्या आपल्या घरात शिरला. त्याच्यामागं दुसरा. हळूहळू सगळे असेच गेले, कुणी रुमाल तोंडाला लावून, कुणी फोन कानाला लावून. विठ्ठलराव मात्र गाडीत बसून राहिले. काचा वर, इंजिन चालू.

"पायी जावा की, तात्या," केसरनं काचेवर टकटक केलं. "ती बगा तुमची टाकी."

काच खाली आली नाही.

तेव्हा तिला ते समजलं. अंतराचा प्रश्नच नव्हता. गावाच्या पारावरनं, उन्हात, एकट्यानं, छबुबाईच्या पायाजवळून आडवं होऊन निघायचं, हे विठ्ठलरावांना जमणार नव्हतं. वस्तीला चढ होता, त्यांना हा होता. हे समजल्यावर तिचा राग कमी व्हायला हवा होता. उलट भडकला. ह्या माणसाला एवढंसं चालायला लाज वाटते, आणि हा आम्हाला घाट उतरायला सांगतो.

दुपारी त्यांच्या पुतण्यानं घरून डबा आणला. मोटारसायकलवर. व्हॅनच्या टपावरून डबा आत दिला गेला तेव्हा छबुबाई सगळ्या पाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "भाकरीला बी पाय न्हाईत का वो तुमच्याकडं?" या वेळी पार हसला.

कॅनमधून आंबूस वास यायला लागला. एकीनं झाकण उघडून बघितलं आणि लगेच लावलं. तो वास केसरच्या नाकात बसला. हे आपण केलं, ती मनात म्हणाली, हे त्यांनी केलं, ती परत म्हणाली, आणि कमरेची चावी दाबून धरली.

ऊन उतरायला लागलं तसा पुतण्या पुन्हा आला, या वेळी घाबरा. विठ्ठलरावांच्या लेकीला बघायला परळीचे पाहुणे यायचे होते, ते धारूरला पोचले होते. काच खाली आली.

"सूनबाई, लेकीचं काम हाय. गाडी काढा."

"तात्या, लेकीचं भलं होऊ दे. पायी गेलात तर पाहुन्यांच्या आधी पोचाल."

"उद्यापासून पिकअप पाठवतो."

"उद्या न्हाई. संध्याकाळच्या धारा आता निघतील. सुग्रीव भाऊ हाय, पिकअप बाहेर हाय, घाट मोकळा हाय. आज."

विठ्ठलरावांनी आतून येऊन पायरीवर बसलेल्या सुग्रीवकडं बघून मान हलवली. सुग्रीव उठला.

"मानेनं न्हाई," केसर म्हणाली. "तुमी मानेनं बंद न्हाई केली, तोंडानं केली. तोंडानं सांगा."

विठ्ठलरावांनी एकदा पाराकडं बघितलं. "जा बे सुग्रीव," ते म्हणाले. "वस्तीवरचं दूध आन."

"रोज?" सुग्रीवनं विचारलं. केसरनं त्याच्याकडं चमकून बघितलं. हा प्रश्न त्यानं तिच्यासाठी विचारला की स्वतः सुटायला, कळलं नाही.

"रोज. जा आता!"

पिकअप गेली. "आता काढा," विठ्ठलराव म्हणाले.

"फोन येऊ द्या."

वस्तीवर फोन लागायचा तो एका खडकावर उभं राहिलं तरच. सगळे थांबले. विठ्ठलराव घड्याळ बघत होते. केसर घाट बघत होती, तिथल्या धुळीचा एक पट्टा वर वर सरकताना. फोन वाजला. रतनबाई ओरडत होती, "आली गं! कॅन चढवायलेत! तुमचं काय झालं?"

केसरनं गाडी बाजूला घेतली. विठ्ठलरावांची गाडी शेजारून जाताना काच उघडीच होती. "सूनबाई, ह्ये ध्यानात ठिवीन म्या."

"ठिवा, तात्या. म्हनूनच केलंय."

नासलेलं दूध त्यांनी घाटाच्या पहिल्या वळणावर ओतलं. पांढरं पाणी आणि चोथा तापल्या खडीत बघता बघता मुरून गेला. छबुबाईनं रिकामा कॅन आपटून आपटून शेवटचा थेंबही काढला, जसं काही तो आत राहिला तर चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअप आली. बाया कॅन चढवत असताना सुग्रीव केसरजवळ येऊन हळू म्हणाला, "चेअरमन रातीच बोलले मला. म्हनले, पाऊस पडेस्तवर जा. पाऊस पडला की बंद."

केसरचा हात कॅनच्या कडीवर तसाच राहिला. पाऊस पडला की त्या चढाचा चिखल होतो. तिची व्हॅन पहिल्या वळणावर रुतते. वर येऊ शकते ती फक्त पिकअपच. पिकअपची खरी गरज पावसातच होती, आणि ते त्यांना नीट माहीत होतं.

"आसं म्हनले?"

"आसंच."

तिनं कॅन उचलून वर दिला. मग पिकअपच्या दारावर हात ठेवून म्हणाली, "सुग्रीव भाऊ, त्यांना माझा निरोप सांग. पावसाच्या आधी म्या परत खाली येनार हाय. बैठक कवा हाय ते कळवा म्हनावं, अन् पाहुने असले तर ते बी कळवा."

सुग्रीवनं तिच्याकडं बघितलं. या वेळी काचेकडं नाही, तिच्याकडं. "असंच सांगू?"

"शब्दान् शब्द. अन् उद्या उशीर करू नको. दूध उनात ऱ्हात न्हाई."